उधन्याच्या वहिनींचा ओरडा

त्या दुपारी माझा गळा वाचला तो मफलरमुळे, आणि मफलर गळ्यात होता तो बायकोने दारात अडवून बांधला म्हणून. सुरतेची जानेवारीतली थंडी ती केवढी, सकाळचे नऊ वाजले की मफलरचं ओझंच होतं. पण आदल्या दिवशी मी दोनदा खोकलो होतो, तेवढं तिला पुरलं. शाळेत धाडताना लेकराला गुंडाळतात तसं तिने मला गुंडाळलं. गल्लीच्या तोंडाशी गेलं की काढून टाकू असं ठरवून मी निघालो, आणि काढायचं विसरलो.

उत्तरायणाला चार दिवस राहिले होते. सुरतेत संक्रांतीपेक्षा हेच नाव चालतं, आणि पतंग तर महिनाभर आधीपासून आभाळात असतात. उधन्याच्या पुलावरून उतरताना गळ्याला काहीतरी गार लागलं. हात तिकडे जाईपर्यंत कळलं की दोरी आहे. ब्रेक दाबला, गाडी कठड्याला घासत थांबली. काच लावलेल्या मांजाने लोकरीचे दोन पदर सरळ कापले होते आणि तिसऱ्यात तो अडकून बसला होता. गळ्यावर सुईने ओढावी तशी एक रेघ उठली, रक्ताचे दोन थेंब आले, बस. मागच्या रिक्षावाल्याने रिक्षा आडवी लावली, मला कठड्यावर बसवलं, पाणी दिलं. आणि मी पहिला फोन कुणाला केला, तर ज्यांची पावभाजी माझ्या पिशवीत होती त्या अडाजणच्या बाईंना. "बेन, दस मिनिट मोडुं थशे," म्हणालो, म्हणजे दहा मिनिटं उशीर होईल. बायकोला संध्याकाळी घरी गेल्यावर सांगितलं, तेही तिला मफलर दिसला म्हणून.

मी मूळचा धुळ्याकडचा. एकोणीस वर्षं उधन्यात कापडाच्या लूमवर काढली. खातं, म्हणजे आमचा लूमचा कारखाना, बंद झालं तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. दुसरीकडे लूमवरच काम मिळालं असतं, पण खडखडाटाने कान मंद झाले होते आणि मला उघड्या हवेची हाव सुटली होती. म्हणून मोबाईलवर नाव नोंदवलं, पाठीला चौकोनी पिशवी लावली आणि लोकांच्या दारी जेवण पोचवू लागलो. खाण्याच्या दुकानांसमोर एका कडुलिंबाखाली आमचा नाका आहे. ऑर्डर पडेपर्यंत सगळे तिथे गाड्या लावून बसतात. खानदेशातले आहेत, विदर्भ-मराठवाड्यातले आहेत, ओडिशाचे, उत्तर प्रदेशाचे, अस्सल सुरतीही दोघे-चौघे आहेत. वयाने सगळ्यांत मोठा मी, म्हणून मला काका म्हणतात.

कापलेला मफलर मी दुसऱ्या दिवशी नाक्यावर नेला. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला, भोकातून बोटं घालून पाहिली, "काका, बच गये" म्हणाले. मग ज्याच्या त्याच्या मोबाईलवर ऑर्डर पडली आणि जो तो निघाला. हेल्मेट कुणाच्या आरशावर, कुणाच्या कोपरात. एकाचं तर पिशवीत, गिऱ्हाइकाच्या बिर्याणीशेजारी. गळ्याला कुणाच्याच काही नाही. मला वाटलं, हे माणसाचं ऐकणारे नाहीत. हे फक्त मोबाईलचं ऐकतात.

नाक्याचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात सकाळी फुलांवर लिहिलेलं सुप्रभात, मग कुठे रस्ता खोदलाय, कुठल्या दुकानात ऑर्डर रखडतेय, असं दिवसभर चालायचं. त्यात व्हिडिओ टाकायचा ठरवला. मुलगी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिने मला गच्चीवर उभं केलं. शाळेत प्रतिज्ञेला उभं राहतात तसे हात सरळ ठेवून मी हिंदीत तीन मिनिटं रस्त्याच्या सुरक्षेवर बोललो. सुरुवात "नमस्कार दोस्तों"ने केली आणि शेवटी जय हिंदही म्हणालो. ग्रुपवर दोन अंगठे आले. त्यातला एक मेहुण्याचा, जो गाडी चालवतच नाही आणि ग्रुपमध्ये चुकून राहिलेला आहे. तिसऱ्याने विचारलं, "काका, इलेक्शनला उभे राहताय का?"

मी हट्टाला पेटलो. उभं राहून बोललं की भाषण होतं, रस्ताच दाखवला पाहिजे, असं डोक्यात घेतलं. एका दुपारी उजव्या हाताने गाडी चालवत आणि डाव्या हातात मोबाईल धरून, हेल्मेट आरशावर लटकवून, उधन्याहून पर्वत पाटियापर्यंत गेलो. तारांवर, झाडांवर, खांबांवर लटकणाऱ्या दोऱ्या दाखवत होतो आणि बरोबरीने बोलत होतो. घरी येऊन मोठ्या अभिमानाने मुलीला दाखवला. बायको भाकरी थापत होती. तिचं लक्ष नाही असं मला वाटलं.

"हाई शूटिंग कोनी करी?" तिने मोबाईलकडे वाकून विचारलं.

"मीच."

"आनि गाडी?"

"तीपण मीच."

घरात आम्ही अहिराणी बोलतो. बाहेर जशी गरज पडेल तशी हिंदी, गुजराती, शाळेतली मराठी. बायकोलाही सगळ्या येतात, पण राग तिला फक्त अहिराणीत येतो.

"एक हातमा फोन, एक हातमा गाडी, आनि लोकस्ले शिकाडी राह्यनात," ती म्हणाली. "तुम्हनं डोकं काय लोखंडनं शे का? हेल्मेट काय आरसाले घालाले लियेल शे? आरसा फुटना ते नवा भेटी. डोकं कोठे भेटी? उधनाना बजारमा?"

तिथून ती जी सुटली ती चांगली दोन-अडीच मिनिटं. पिठाचे हात हलत होते, पीठ उडत होतं, तव्यावरची भाकरी करपत होती. चपला घालून गाडी चालवतात तेही तिने काढलं, पाठीवरच्या पिशवीचा पट्टा तुटलाय तो दोरीने बांधलाय तेही काढलं, आणि मी पावभाजीवाल्या बाईंना आधी फोन केला होता तेही. मी मान खाली घालून ऐकलं आणि आंघोळीला निघून गेलो. मुलीच्या हातातला माझा मोबाईल तेवढा वेळ चालू होता, हे मला आंघोळीनंतर कळलं. तोवर तिने व्हिडिओ ग्रुपवर टाकलाही होता.

माझ्या तीन मिनिटांच्या भाषणाला दोन अंगठे. बायकोच्या ओरड्याला मोबाईल थांबेचना. ज्यांना अहिराणीचं अक्षर कळत नाही असे ओडिशाचे लोकही लिहीत होते. एकाने लिहिलं, समझा कुछ नहीं, पर मेरी माँ भी ऐसे ही बोलती है. एकाने आपल्या हेल्मेटचा फोटो टाकला, डोक्यावर घातलेल्या, आणि खाली लिहिलं, "वहिनी, पहन लिया, शांत हो जाओ." दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आमच्या नाक्याचा राहिला नव्हता. भटारच्या नाक्यावर पोचला, लिंबायतला पोचला, डिंडोलीच्या रिक्षावाल्यांच्या ग्रुपमध्ये फिरून माझ्याच मोबाईलवर एका अनोळखी माणसाकडून परत आला.

बायको दोन दिवस माझ्याशी आणि मुलीशी बोलली नाही. तिला वाईट वाटलं ते ओरडल्याचं नाही. "मागच्या दोरीवरचे कपडे दिसतात त्यात," ती तिसऱ्या दिवशी म्हणाली. "आणि अंगावर तो जुना गाऊन. सगळ्या सुरतेला दाखवायचंच होतं तर नीट साडी तरी नेसू द्यायची."

मुलीने कान पकडले. यापुढे तिला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही असं कबूल केलं. मग हळूच विचारलं, "साडी नेसून एक करूया का?"

तो दुसरा व्हिडिओ आजही माझ्याकडे आहे. लग्नातली साडी, केसांत गजरा, पाठीमागे स्वच्छ भिंत, आणि बायको पुस्तकातल्या मराठीत म्हणतेय, "वाहनचालक बंधूंनो, शिरस्त्राण अवश्य परिधान करावे." शिरस्त्राण हा शब्द तिने कुठून आणला ते ती अजून सांगत नाही. तो पाहून तिलाच हसू आवरेना. हसून झाल्यावर ती म्हणाली, "मला मोबाईलवर ओरडता येत नाही. समोर माणूस उभा करा."

अशी सुरुवात झाली. रविवारी सकाळी नाश्त्याच्या ऑर्डरी ओसरल्या की नाक्यावरचा एखादा जण आमच्या दारात येऊन उभा राहायचा, गाडीसकट. बायको खाली उतरायची. मुलगी मोबाईल धरायची. बायको त्याच्या गाडीभोवती एक चक्कर मारायची, टायरवरून अंगठा फिरवायची, ब्रेक दाबून पाहायची, हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं घालून तो किती सैल आहे ते बघायची. मग सुरू. ओरडून झाल्यावर त्याला वर बोलवून शेवभाजी-भाकरी वाढायची. लोक नक्की कशासाठी येत होते ते सांगता येणार नाही, पण येत होते. मुलगी व्हिडिओखाली हिंदीत आणि गुजरातीत ओळी टाकायची, म्हणजे सगळ्यांना कळावं. तिने इन्स्टाग्रामवर एक पानही उघडून दिलं. किती जण बघतात ते ती मला सांगायची आणि मी ते विसरायचो. मला एवढंच दिसत होतं की आमच्या कडुलिंबाखाली आरशांवर हेल्मेट लटकलेली कमी दिसतात. आणि मी लांबून दिसलो की उरलेली पटापट डोक्यावर जातात.

सगळं असं गोडच चाललं होतं असं नाही. "पहिलं नीट बोलायला शिका," असं कुणीतरी तिच्या बोलीवरून लिहिलं. मुलगी पुसायला निघाली होती. बायको म्हणाली, "राहू दे. त्याने पण हेल्मेट घातलं म्हणजे झालं."

पण एक निरोप तिला लागला. तो कोसाडच्या एका रायडरचा होता. यवतमाळकडचा, तिशीतला, आधी बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारा. बोलायला कमी. एका रविवारी तो ओरडा खाऊन, जेवून गेला होता. त्याने बोलून पाठवलेला निरोप बायकोने माझ्यासमोर तीनदा ऐकला.

"वयनी, तुमचं बोलनं बराबर हाय. पन आमाले वरडनं सोपं हाय. वरतून गिऱ्हाईक फोन करते, काऊन उशीर झाला म्हनते, स्टार कापते. मंग मानूस गाडी पळवतेच. तेले बी वरडा ना येखांद्या वेळी."

त्या रात्री भांडी घासताना तिने मला विचारलं, "तुम्ही पण पळवता का?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "पळवतो," म्हणालो. "त्या दिवशी पुलावर पण पळवतच होतो."

ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली.

पुढच्या रविवारी तिने कुणालाच समोर उभं केलं नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी बसली, साध्या साडीत, आणि मुलीला म्हणाली, "चालू कर." या वेळी ती ओरडली नाही. हिंदी, गुजराती, जे तोंडात येईल त्यात हळू बोलली. म्हणाली, माझा नवरा तुमच्याकडे जेवण घेऊन येतो. तो निघाला की मी घड्याळ बघते, आणि तुम्हीही बघता. आपण दोघी एकाच माणसाची वाट बघतो. जेवण गार झालं तर तुमच्याकडेही गॅस आहे, माझ्याकडेही आहे, दोन मिनिटांत गरम होतं. त्याला फोन करून फक्त एवढं म्हणा, निरांते आवजो. सावकाश या. मग ती थांबली आणि म्हणाली, "बस, एवढंच. बंद कर."

मी दारात उभा होतो. लूमवरच्या एकोणीस वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. ऐकायला घरी होतो तरी कधी.

हा व्हिडिओ रायडरांच्या ग्रुपमधून निघून सोसायट्यांच्या ग्रुपमध्ये गेला. अडाजण, वेसू, कुठे कुठे. काही दिवसांनी वेसूच्या एका इमारतीत मी जेवण घेऊन गेलो तर लिफ्टशेजारी कागद चिकटवलेला होता, गुजरातीत: जेवण आणणाऱ्या भाईला सावकाश येऊ द्या, पाणी विचारा. खाली पाण्याचा माठही ठेवला होता. वर दार उघडणाऱ्या बाईंना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला आत बसवलं असतं, आणि पुढची ऑर्डर पडली होती.

सगळी गिऱ्हाइकं सुधारली असं मी म्हणणार नाही. अजूनही स्टार कापले जातात. पण मोबाईलवर "निरांते आवजो" असे दोन शब्द येतात अधूनमधून, आणि ते आले की हात आपोआप ॲक्सिलरेटरवरून ढिला होतो. कोसाडच्या त्या रायडरने पहिल्यांदा असा मेसेज आला तेव्हा त्याचा फोटो काढून बायकोला पाठवला.

पुढच्या वर्षी उत्तरायणाच्या आधी त्याच्याच डोक्यातून एक गोष्ट निघाली. सेंट्रिंगचं काम केलेलं असल्याने त्याला सळई वाकवायची सवय होती. हँडलच्या दोन्ही बाजूंना बसवून डोक्याच्या वर कमान येईल अशी लोखंडी सळई त्याने आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात वाकवली. अशा कमानी सुरतेत बाजारातही मिळतात, नवीन काही नाही. पण बायकोच्या व्हिडिओत ती सळई धरून दोरी कशी अडते ते त्याने जसं दाखवलं, तसं मी कुठे पाहिलं नव्हतं. बायको एका हाताने दोरी ओढत होती आणि दुसऱ्या हाताने त्याला ढकलत म्हणत होती, सरक मागे, बोट कापशील. त्या आठवड्यात नाक्यावरच्या सगळ्या गाड्यांना कमानी लागल्या. लांबून पाहिलं तर लग्नाचे मांडव उभे केल्यासारखं दिसायचं.

त्याच हिवाळ्यात कामरेजहून बोलावणं आलं. तिथल्या एका गोदामात पार्सलच्या टेम्पोवर आणि मोटारसायकलींवर काम करणारे बरेच जण आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी व्हिडिओ पाहिले होते. सकाळी माल भरण्याआधी अर्धा तास वहिनींनी येऊन बोलावं, असा निरोप होता. बायको नको म्हणाली, मग हो म्हणाली, मग पुन्हा नको. शेवटी तिच्यासाठी एक हेल्मेट आणलं, निळं. ते घालून ती माझ्यामागे बसली आणि कामरेजपर्यंत तक्रार करत गेली की यात डोक्यावर पदर राहत नाही.

गोदामाच्या अंगणात पन्नासेक माणसं उभी होती. तिच्या हातात माईक दिला. आणि ती गप्प. पाणी प्यायली. पुन्हा गप्प. मी बाजूला उभा राहून घामाघूम झालो, कारण हे असं उभं राहणं कसं असतं ते मला गच्चीपासून ठाऊक होतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

कोसाडचा रायडर आमच्यासोबत आला होता. तो सगळ्यांत पुढे उभा होता, डोक्यावर हेल्मेट, पट्टा व्यवस्थित लावलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश हात वर नेला, पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि शेजारच्या मोटारसायकलच्या आरशावर लटकवून दिलं. आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

बायकोच्या तोंडातून माईक तोंडाशी न्यायच्या आतच निघालं, "ए भाऊ, ते काय आरसानं डोकं शे?"

सगळं अंगण हसलं. तिथून पुढे तिला माईकची गरज लागली नाही. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला, गोदामाचे मॅनेजर घड्याळ बघत होते आणि त्यांना ते बघू न देण्याची जबाबदारी जणू सगळ्या ड्रायव्हरांनी घेतली होती. एक सुरती टेम्पोवाला शेवटी पुढे येऊन म्हणाला, "भाभी, अमारे घरे पण आवुं ज बोले छे, पण घरनुं कोण सांभळे?" घरीही असंच बोलतात, पण घरचं कोण ऐकतं.

"मंग घरचंच ऐका ना," ती म्हणाली. "माझं कशाला? मी कामरेजला रोज येऊ का?"

परतताना हायवेला पोंकची दुकानं लागली होती. हिरव्या कोवळ्या ज्वारीचे भाजलेले दाणे, वर शेव, लिंबू. आम्ही तिघे बाकावर बसून खात होतो. कोसाडचा रायडर खाऊन लगेच निघाला, त्याला दुपारच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. तो वळणापर्यंत जाईतो बायको बघत राहिली. मग मला म्हणाली, "मला गाडी शिकवा."

"कुठली?"

"कुठलीही. सगळ्या जगाला ब्रेक कसा दाबायचा ते सांगते. मी आयुष्यात एकदाही दाबला नाही. उभ्या गाडीचा दाबला, तेवढाच."

त्याला आता दोन महिने झाले. सकाळी डिंडोलीकडच्या मोकळ्या मैदानात मी मुलीची मोपेड नेतो. बायको निळं हेल्मेट घालून बसते आणि मी मागचं कॅरिअर धरून पळतो. सरळ रेषेत आता ती चांगली जाते. वळताना मात्र पाय खाली टेकवते. मी ओरडलो तर म्हणते, "ओरडू नका, मला कळतं." मुलगी मैदानाच्या कडेला बसून सगळं मोबाईलवर घेते. त्यातलं एकही ग्रुपवर टाकायची परवानगी अजून मिळालेली नाही.